नौपाडा ते महापे: विनएससीपीच्या तीन वर्षांच्या वापराचे परीक्षण

जुन्या मराठी नियतकालिकांची, संस्थांच्या इतिवृत्तांची आणि हिशेबवह्यांची पाने स्कॅन करून त्यांच्या स्वच्छ, टिकाऊ प्रती तयार करणे हे आमच्या कार्यालयाचे काम आहे. कार्यालय ठाण्यात, नौपाड्यातील एका जुन्या इमारतीत दोन खोल्यांचे. आणि ज्या सर्व्हरवर या प्रती ठेवायच्या, तो नवी मुंबईत महापे येथील एका डेटा सेंटरमध्ये. ए-४ आकाराचे एक पान ३०० डीपीआयला रंगीत स्कॅन करून दाबणी न करता टिफ स्वरूपात साठवले, की त्याची फाइल सुमारे २६ एमबीची होते. म्हणजे ४६० पानांचा एक खंड १२ जीबीच्या घरात जातो. तीन वर्षांपूर्वीपर्यंत हे खंड हार्ड डिस्कवर घेऊन आमच्यापैकी कोणीतरी ठाणे-वाशी लोकलने घणसोलीपर्यंत आणि तेथून रिक्षाने महाप्याला जात असे. एका पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी साचल्यामुळे रस्त्याने निघालेला आमचा सहकारी पिशवी छातीशी धरून अर्ध्या वाटेतून परत आला, आणि त्या दिवशी हा सगळा प्रवास तारेवरून करायचा असे आम्ही ठरवले. त्यासाठी जे साधन निवडले, ते विनएससीपी. त्याच्याविषयी आता काही ठामपणे सांगता येईल इतका वापर आमच्याकडून झाला आहे.

विनएससीपी हा आपल्या संगणकावरील फाइली इंटरनेटवरून सर्व्हरवर पाठवणारा, विंडोजवर चालणारा, मोफत आणि मुक्त स्रोत असलेला प्रोग्राम आहे. मार्टिन प्रिक्रिल या चेक विकासकाने तो २००० मध्ये सुरू केला आणि आजही त्याची निगा प्रामुख्याने तेच राखतात. त्याच्या पोटातील एसएसएचचा, म्हणजे सर्व्हरशी सांकेतिक संभाषण करणाऱ्या पद्धतीचा, भाग सायमन टॅथम यांच्या पुट्टी या प्रोग्राममधून घेतलेला आहे, आणि एफटीपी या फाइली पाठवण्याच्या जुन्या पद्धतीचा भाग फाइलझिला या अशाच दुसऱ्या प्रोग्राममधून. (पुट्टी हे नाव कार्यालयात पहिल्यांदा उच्चारले गेले तेव्हा भिंतीला रंग देण्यासाठी आलेल्या कारागिराने काम थांबवून आमच्याकडे पाहिले होते.) एसएफटीपी, एससीपी, एफटीपी, वेबडॅव्ह आणि एस३ अशा अनेक पद्धतींनी तो सर्व्हरशी बोलू शकतो, मात्र आमच्या दृष्टीने त्यातील एसएफटीपी हीच कामाची आहे, आणि नवी जोडणी उघडताना विनएससीपीदेखील आधी तीच पुढे करतो.

या निवडीचे कारण थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीने प्रारंभी आम्हाला साध्या एफटीपीचे खाते देऊ केले होते. एफटीपी ही फार जुनी आणि आपल्या परीने गुणी पद्धत आहे. तिचा पहिला आराखडा १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला, जे कानपूरच्या आयआयटीतून शिकून एमआयटीत गेले होते. परंतु ज्या काळी जाळ्यावर मोजके संगणक होते आणि त्यांची माणसे एकमेकांना ओळखत होती, त्या काळाची ती पद्धत असल्यामुळे तिच्यात वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड दोन्ही उघड्या अक्षरांत जातात. वाटेवर कान लावून बसलेल्या कोणालाही ती वाचता येतात. अशाच पद्धतीने पासवर्ड चोरले गेल्यानंतर हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातील तातू इलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच तयार केले, ज्यात दोन संगणकांमधील सर्व संभाषण सांकेतिक होऊन जाते. एसएफटीपी ही त्या एसएसएचच्या बोगद्यातूनच चालते. नावात साम्य असले तरी ती एफटीपीची सुधारित आवृत्ती नव्हे, तिची रचना वेगळी आहे; आणि एफटीपीवर टीएलएस या सांकेतिक पद्धतीचे कवच चढवून होणारी एफटीपीएस ही आणखी तिसरी गोष्ट. एसएफटीपीला एकच दार (पोर्ट) पुरते, बहुधा २२ क्रमांकाचे, तर एफटीपीला आज्ञांसाठी एक आणि प्रत्यक्ष मजकुरासाठी दुसरे अशा दोन जोडण्या लागतात, त्यामुळे कार्यालयातील राउटर आणि फायरवॉल यांच्याशी तिचे अनेकदा बिनसते. कंपनीला आम्ही लेखी कळवून एसएफटीपीचे खाते मागून घेतले. ते मिळायला आठवडा लागला.

आता प्रत्यक्ष वापर. विनएससीपी प्रथमच एखाद्या सर्व्हरला जोडला जातो तेव्हा तो थांबतो आणि त्या सर्व्हरच्या होस्ट कीचा, म्हणजे त्याची ओळख पटवणाऱ्या डिजिटल किल्लीचा, ठसा पडद्यावर दाखवून विचारतो, की हा सर्व्हर तुमच्या ओळखीचा आहे काय. ठसा म्हणजे ४३ अक्षरांची, लहान-मोठी रोमन अक्षरे, अंक आणि चिन्हे मिसळलेली ओळ. माझ्या मते या संपूर्ण साधनातील सर्वांत महत्त्वाचा क्षण हाच आहे, आणि बहुतेक जण तो न वाचताच पुढे सरकवतात. सांकेतिक बोगदा कितीही मजबूत असला, तरी त्याच्या दुसऱ्या टोकाला कोण बसले आहे हे ठरवण्याचे काम बोगदा करत नाही. ते या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. चुकीच्या यंत्राला आपण एकदा ‘हो’ म्हटले, की पासवर्ड सुरक्षितपणे, सांकेतिक स्वरूपात, नेमका चोराच्या हाती पोहोचतो.

आम्ही कंपनीला दूरध्वनी केला आणि ठसा वाचून दाखवण्याची विनंती केली. पलीकडच्या तरुणाने सांगितले, “सर, हो दाबा, काही होत नाही. सगळे तेच करतात.” आम्ही नम्रपणे आग्रह धरला. अखेरीस त्याने आपल्या वरिष्ठांना बोलावले, त्यांनी सर्व्हरच्या स्वतःच्या पडद्यावरून ठसा काढला, आणि आमच्याकडे मुद्रितशोधन करणाऱ्या बाईंनी ती ओळ एकेक अक्षर बोट ठेवून ताडून पाहिली. “हा एल लहान आहे की आय मोठा?” असे त्यांनी दोन ठिकाणी विचारले, तेव्हा पलीकडचे गृहस्थ हसले, परंतु त्यांनी दोन्ही वेळा पुन्हा पाहून उत्तर दिले. सात मिनिटे लागली. तो ठसा आम्ही कागदावर छापून जोडणीच्या नोंदवहीत चिकटवला.

त्याचा उपयोग चौदा महिन्यांनी झाला. एका सकाळी नेहमीप्रमाणे जोडणी करताना विनएससीपीने सौम्य प्रश्न न विचारता धोक्याचा ठळक इशारा दाखवला: सर्व्हरची की साठवलेल्या कीशी जुळत नाही. असे होण्याची मुख्य कारणे दोन असतात. एक तर सर्व्हरची प्रणाली नव्याने बसवली गेली असावी, किंवा मध्ये कोणीतरी येऊन उभे राहिले असावे. पहिले कारण कितीतरी अधिक संभवनीय असते आणि आमच्याही बाबतीत तेच निघाले, कारण कंपनीने रात्री यंत्र बदलले होते आणि ग्राहकांना कळवण्याचे तिच्या लक्षात राहिले नव्हते. मात्र ते दूरध्वनी करून नव्या ठशाची खातरजमा झाल्यावर निघाले, आधी नव्हे. विनएससीपीच्या रचनेविषयी माझे मत येथेच पक्के झाले: जेथे माणसाने थांबायला हवे तेथे तो थांबवतो, आणि नेहमीच्या प्रश्नापेक्षा या इशाऱ्याचे रूप इतके वेगळे ठेवतो की हात आपोआप ‘हो’कडे जात नाही.

ओळख पटवण्याची दुसरी बाजू म्हणजे सर्व्हरने आपल्याला ओळखणे. पासवर्डऐवजी आम्ही कींची जोडी वापरतो, ज्यातील खासगी की आपल्या संगणकावर राहते आणि सार्वजनिक की सर्व्हरवर ठेवली जाते. विनएससीपीसोबत पुट्टीजेन हे साधन येते आणि त्यात ही जोडी दोन मिनिटांत तयार होते. येथे नवखा माणूस हमखास एका ठिकाणी अडखळतो: पुट्टीजेनमधील बटण दाबून साठवलेली सार्वजनिक की अनेक ओळींच्या वेगळ्या साच्यात असते, आणि ओपनएसएसएच हा एसएसएचचा प्रचलित प्रोग्राम चालवणाऱ्या सर्व्हरला मात्र खिडकीच्या वरच्या चौकटीत दिसणारी एकाच ओळीतील की हवी असते. आम्हीही अडखळलो आणि अर्धा दिवस घालवला. नंतर कळले, की जोडणीच्या प्रगत पर्यायांत सार्वजनिक की थेट सर्व्हरवर बसवून देणारी सोय विनएससीपीतच आहे. ती इतक्या आत दडवून का ठेवली आहे हे मला समजलेले नाही.

की निवडताना ईडी२५५१९ हा प्रकार घ्यावा, अशी शिफारस मी करीन, आणि त्यामागे एक ठोस घटना आहे. एप्रिल २०२४ मध्ये जर्मनीतील रुर विद्यापीठ, बोखुम येथील संशोधकांनी दाखवून दिले, की पुट्टीच्या ०.६८ ते ०.८० या आवृत्त्या पी-५२१ या प्रकारच्या कीने स्वाक्षरी करताना जो यादृच्छिक आकडा घेतात तो पुरेसा यादृच्छिक नसतो, त्याचे पहिले नऊ बिट नेहमी शून्य असतात, आणि अशा सुमारे ६० स्वाक्षऱ्या हाती लागल्या तर त्यांवरून खासगी की गणिताने काढता येते. पुट्टीचा भाग पोटात असल्यामुळे हा दोष विनएससीपीतही उतरला होता, तो ६.३.३ या आवृत्तीत दूर झाला. दोष जाहीर झाला, दुरुस्तीही तातडीने आली, हे मुक्त स्रोताच्या पारड्यात टाकावे लागेल. पण ज्यांनी त्या प्रकारची की वापरली होती त्यांना आवृत्ती बदलून भागणार नव्हते, की स्वतःच बाद करावी लागत होती. आमची की सुदैवाने ईडी२५५१९ होती. त्यात आमचे शहाणपण काही नव्हते, पुट्टीजेनमध्ये जो पर्याय नावाने आवडला तो घेतला होता.

फाइल पाठवण्याचे मूळ काम विनएससीपी शांतपणे आणि चोख करतो. डाव्या बाजूला आपला संगणक, उजव्या बाजूला सर्व्हर, मध्ये उभी रेघ. एफ५ दाबले की निवडलेल्या फाइली पलीकडे जातात, एफ८ दाबले की पुसल्या जातात. ज्यांनी डॉसच्या काळात नॉर्टन कमांडर वापरला असेल त्यांना हे सारे हातवळणीचे वाटेल. ज्यांनी नसेल वापरला त्यांच्यासाठी विंडोजच्या नेहमीच्या खिडकीसारखे दुसरे रूपही आहे, परंतु दोन्ही बाजू एकाच वेळी डोळ्यांसमोर असण्याचा फायदा त्यात जातो. आमची इंटरनेट जोडणी वर पाठवताना ४० एमबीपीएसचा वेग देते. त्या हिशेबाने १२ जीबीच्या खंडाला ४० मिनिटे लागावीत, प्रत्यक्षात ४५ ते ५० लागतात. एवढा फरक मी रास्त समजतो.

अधिक महत्त्वाचे आहे ते वीज किंवा जोडणी मध्येच गेल्यावर काय होते. १०० केबीपेक्षा मोठी फाइल विनएससीपी आपण दिलेल्या नावाने न लिहिता, त्या नावापुढे ‘.फाइलपार्ट’ अशा अर्थाचे रोमन शेपूट जोडून तात्पुरत्या नावाने लिहितो, आणि शेवटचा बाइट पोहोचल्यावरच तिला खरे नाव देतो. परिणामी सर्व्हरवर खऱ्या नावाची अर्धवट फाइल कधीच दिसत नाही, आणि तुटलेली फाइल जेथे थांबली तेथून पुढे चालू करता येते. आमच्या कामात हे फार मोलाचे आहे, कारण अर्धवट टिफ फाइल अनेकदा उघडते, वरचा अर्धा भाग नीट दिसतो आणि खाली राखाडी पट्टा येतो, आणि तो दोष सहा महिन्यांनी एखाद्या अभ्यासकाच्या लक्षात येतो. या सोयीला एक उणी बाजू आहे. जुन्या फाइलीवर नवी चढवताना मूळ फाइल जागेवर बदलली जात नाही, नवी फाइल तिची जागा घेते. त्यामुळे मूळ फाइल सर्व्हरवरील दुसऱ्या वापरकर्त्याच्या मालकीची असेल तर मालकी बदलते. जेथे संकेतस्थळ चालवणारा प्रोग्राम मालकी पाहून फाइल वाचतो, तेथे हा पर्याय बंद करावा लागतो.

मराठी कार्यालयासाठी जी गोष्ट निर्णायक आहे, तिच्याकडे आता वळतो: फाइलींची देवनागरी नावे. एसएफटीपीत नावे यूटीएफ-८ या सर्व लिप्या सामावणाऱ्या साच्यात जातात आणि विनएससीपी ती अचूक दाखवतो, साठवतो, क्रमाने लावतो. प्रश्नचिन्हांची माळ किंवा चौकोनांची रांग आम्ही एकदाही पाहिली नाही. तरीही दोन खाचखळगे आहेत, आणि ते दोन्ही विनएससीपीचे नसून लिपीच्या साठवणुकीचे आहेत.

पहिला लांबीचा. विंडोजवर फाइलीच्या नावाची मर्यादा २५५ चिन्हांची, तर लिनक्सच्या सर्व्हरवर ती २५५ बाइटांची. रोमन अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन. शिवाय काना, वेलांटी, अनुस्वार, पायमोडा हलन्त ही प्रत्येक वेगळी मोजली जातात. म्हणजे जास्तीत जास्त ८५ चिन्हे, त्यातून टिफचे शेपूट आणि वर सांगितलेले तात्पुरते शेपूट वजा केले की हातात ८० उरतात. ‘वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त’ एवढ्यातच तीस ओलांडून जातात. त्यापुढे संस्थेचे पूर्ण नाव, वर्ष आणि पानाचा क्रमांक जोडला, की आपल्या संगणकावर निर्धास्त बसलेली फाइल सर्व्हर नाकारतो. विनएससीपी अशा वेळी सर्व्हरचा जो त्रोटक नकार दाखवतो, त्यातून नाव लांब आहे हे कळत नाही. येथे एक स्पष्ट ओळ असती तर आमचे दोन दिवस वाचले असते.

दुसरा खळगा अधिक सूक्ष्म. ‘दौऱ्याचा अहवाल’ या नावातील ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकतर एकसंध चिन्ह म्हणून, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता अशा जोडीने. डोळ्यांना दोन्ही सारखे; सर्व्हरला मात्र ती दोन भिन्न नावे. मॅक संगणकांची जुनी फाइलव्यवस्था नावे सुटी करून साठवत असे, त्यामुळे आमच्या एका ग्राहकाच्या जुन्या मॅकवरून आलेली फाइल आणि आमची फाइल सर्व्हरवर शेजारी शेजारी, हुबेहूब त्याच नावाने उभ्या राहिल्या. बाईंनी चष्मा पुसून पाहिले, तरी फरक दिसेना. तो दिसणारच नव्हता. तेव्हापासून मूळ फाइलींना आम्ही केवळ रोमन आद्याक्षरे आणि अंक देतो आणि मराठी शीर्षके सूचीत ठेवतो. हा उपाय मला मनापासून आवडलेला नाही, पण टिकणारा आहे.

एका चुकीची कबुलीही येथे द्यायला हवी. विनएससीपीत दोन्ही बाजूंचे फोल्डर परस्परांशी जुळवून घेणारी सिंक्रोनाइझ नावाची सोय आहे, आणि तिच्यात एका बाजूला नसलेल्या फाइली दुसऱ्या बाजूने पुसून टाकण्याचा पर्याय आहे. एका खंडातील ३८ पाने धूसर आली म्हणून आम्ही ती पुन्हा स्कॅन केली. संगणकावरील फोल्डरात तेवढीच ३८ पाने होती, सर्व्हरवर पूर्ण ४६०. संध्याकाळचे साडेसात वाजले होते, गोखले रोडवरची गर्दी खिडकीतून ऐकू येत होती, आणि मी पुसण्याच्या चौकटीत खूण असलेली जुळवणी सुरू केली. विनएससीपीने प्रथेप्रमाणे आधी यादी दाखवली: ३८ फाइली चढणार, ४२२ फाइली पुसल्या जाणार. यादी समोर होती. मी ती वाचली नाही. ४२२ पाने जायला फार वेळ लागला नाही, कारण पुसणे हे चढवण्यापेक्षा कितीतरी वेगाने होते, आणि सर्व्हरवर विंडोजसारखी कचरापेटी नसते.

मूळ स्कॅन हार्ड डिस्कवर सुरक्षित होते म्हणून हानी झाली नाही, केवळ ११ जीबी त्या रात्री पुन्हा पाठवावे लागले. दोष साधनाचा म्हणता येत नाही. पुसण्याची खूण आपणहून लागलेली नसते आणि पूर्वदर्शनाची यादी त्याने दिली होती. परंतु दुसऱ्या दिवशी शोध घेतल्यावर आढळले, की पसंतीच्या पर्यायांत सर्व्हरसाठीदेखील कचरापेटीचे एक पान आहे, ज्यात एक फोल्डर नेमून दिला तर पुसलेल्या आणि वरून लिहिल्या गेलेल्या फाइली तेथे हलवल्या जातात. ते सुरुवातीला बंद असते. माझी तक्रार एवढीच, की ज्या साधनाला अनोळखी सर्व्हरपुढे थांबायचे भान आहे, त्याने ४२२ फाइली पुसताना वेगळ्या रंगात एक प्रश्न विचारायला हरकत नव्हती.

हजारो बारीक फाइली पाठवायच्या असतील तर अपेक्षा कमी ठेवाव्यात. पानांच्या लघुप्रतिमा मिळून जेमतेम १०० एमबी होतात, पण संख्या सहा हजार असल्याने त्यांना मोठ्या खंडाइतका वेळ लागू शकतो, कारण प्रत्येक फाइल उघडणे, लिहिणे, तिचा दिनांक लावणे आणि बंद करणे यासाठी सर्व्हरशी स्वतंत्र देवाणघेवाण होते. एकाच वेळी होणाऱ्या हस्तांतरांची संख्या वाढवता येते, त्याने थोडा फरक पडतो. त्यापेक्षा एक गठ्ठा बांधून पाठवावा आणि पलीकडे सोडावा हे उत्तम, अर्थात सर्व्हरवर आज्ञा चालवण्याची मुभा खात्याला असेल तर.

पासवर्ड साठवण्याविषयी एक इशारा. विनएससीपीत जोडणीसोबत पासवर्ड साठवला, तर तो केवळ वेषांतर करून ठेवला जातो, आणि त्या संगणकापर्यंत पोहोचलेल्या माणसाला तो सहज परत काढता येतो; त्याला खरे कुलूप लावायचे असेल तर मास्टर पासवर्ड ठरवावा लागतो. पेन ड्राइव्हवरून चालणारी आवृत्ती वापरणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. आणि मुळात प्रोग्राम उतरवताना शोधयंत्रावर वरच दिसणाऱ्या जाहिरातीवर टिचकी मारू नये. मार्च २०२४ पासून विनएससीपी आणि पुट्टी यांची बनावट पाने अशाच जाहिरातींतून पसरवली गेली, आणि त्यांतून उतरलेल्या प्रोग्रामने यंत्रांत शिरकाव करून पुढे खंडणीखोर सॉफ्टवेअर पसरवण्याचा प्रयत्न झाल्याचे सुरक्षा संशोधकांनी नोंदवले. सर्व्हर सांभाळणारी माणसे नेमकी हीच साधने शोधतात, हे चोरांनीही हेरलेले आहे. संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टंकावा आणि उतरवलेल्या फाइलीच्या गुणधर्मांत जाऊन डिजिटल स्वाक्षरी पाहावी.

पर्यायांचा विचार आम्ही केला. फाइलझिला विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो, आणि ज्या कार्यालयात सर्व प्रकारची यंत्रे आहेत तेथे तोच सोयीचा ठरेल. विनएससीपी विंडोजबाहेर पाऊल टाकत नाही, ही त्याची सर्वांत मोठी मर्यादा होय. विंडोज १० मध्ये २०१८ पासून ओपनएसएसएचच्या आज्ञा आयत्या मिळतात, त्यामुळे काळ्या पडद्यावर टंकण्याची सवय असलेल्याला वेगळे काही बसवण्याची गरजच नाही. आमच्याकडे ती सवय मला एकट्यालाच आहे, आणि बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितले, की जे पुसले जाणार ते डोळ्यांना दिसले नाही तर त्या हात लावणार नाहीत. वर दिलेला प्रसंग पाहता, दिसूनही न वाचणारा मी होतो, हे त्यांनी सौजन्याने कधी बोलून दाखवले नाही.

किमतीविषयी: संकेतस्थळावरून विनएससीपी पूर्णपणे विनामूल्य मिळतो, मुदत नाही, नोंदणी नाही. मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमध्ये तोच प्रोग्राम सशुल्क आहे. ती रक्कम विकासाला हातभार म्हणून आहे आणि त्या मार्गाने घेतल्यास नव्या आवृत्त्या आपोआप बसतात. दोन वर्षे फुकट वापरल्यावर गेल्या मार्चमध्ये आम्ही तो विकत घेतला. आमच्या हिशेबनिसांनी मोफत वस्तूचे बिल कशासाठी, असे दोनदा विचारले, आणि शेवटी ते हार्ड डिस्क घेऊन जाण्याच्या जुन्या शीर्षाखाली, प्रवासखर्चात टाकले.